परसातलं गेट

खुर्ची चोरीला गेली त्याच्या नवव्या दिवशी, रविवारी सकाळी, दादांनी नवं गेट हातगाडीवर घातलं, गल्लीला वळसा घालून स्वतः ढकलत परसाच्या तोंडाशी आणलं, आणि त्यांची बायको, वहिनी, स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते बघत हातातलं काम विसरून उभी राहिली.

गेट पत्र्याचं होतं. सळ्यांचं नाही, जाळीचं नाही. वरपासून खालपर्यंत सलग जाड पत्रा, चारी बाजूंनी लोखंडी चॅनेलची चौकट, आणि उंची माणसाच्या डोक्याच्या वर वीतभर. दादांनी उभ्या आयुष्यात दुसऱ्यांच्या घरांना शेकड्यांनी गेटं बसवली होती. स्वतःच्या परसाला मात्र इतकी वर्षं कुंपणातली एक फट पुरली होती. गल्लीतले लोक त्यावरून चेष्टा करायचे. "आपल्याकडे न्यायला आहे काय?" हे दादांचं ठरलेलं उत्तर.

मग चोर आला. त्या फटीतूनच आला, भर दुपारी, सगळे जेवून आडवे झालेले असताना, आणि जाताना दोन वस्तू घेऊन गेला. पाण्याची मोटर नेली ते एक वेळ समजू शकतं. पण दुसरी वस्तू म्हणजे व्हरांड्यात घडी करून ठेवलेली बाबांची चाकांची खुर्ची! भंगारात घालून त्याला असं काय मिळालं असेल कोण जाणे. दादांनी आदळआपट केली नाही, शिव्या दिल्या नाहीत, मोटरीचं तर नावही काढलं नाही. "माझ्या बापाचे पाय नेले," एवढंच म्हणाले, आणि त्या दिवसापासून वर्कशॉप बंद करायची वेळ झाल्यावरही तासभर पत्रा कापत बसू लागले.

आता अशा माणसाला नको म्हणायचं तर कुठल्या तोंडानं म्हणायचं? पण खरी गोष्ट अशी की, दादा सोडून त्या घरात गेट व्हावं असं एकालाही वाटत नव्हतं. त्या फटीतून चोर एकदाच आला होता. धाकटा गेली दोन वर्षं रोज येत होता.

धाकटा म्हणजे दादांचा पाठचा भाऊ. सहा वर्षांपूर्वी दोघांनी मिळून एका बंगल्याला सरकतं गेट बसवलं होतं. ते रुळाच्या टोकावरून निसटलं आणि बाबांच्या अंगावर आलं. कंबर मोडली ती मोडलीच. रुळाच्या शेवटी गेट अडवायला लोखंडाचा एक तुकडा असतो, स्टॉपर. त्याला वेल्डिंगचा टाका मारायचा राहिला होता. "हा विसरला," असं दादांनी हॉस्पिटलात सगळ्यांदेखत सांगितलं. धाकट्यानं मान खाली घातली. घरी आल्यावर दादा म्हणाले, "पुढच्या दारातून पुन्हा या घरात पाऊल टाकायचं नाही." तो त्याच संध्याकाळी गेला आणि बस डेपोत वेल्डर म्हणून लागला.

चार वर्षं त्याचं तोंड कुणी पाहिलं नाही. मग बाबांना झटका आला, उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली, आणि आठवड्याच्या आत एके दिवशी सकाळी अकरा वाजता धाकटा परसात उभा. वहिनीची पाचावर धारण बसली. "अरे, ते पुढे आहेत!" तर हा म्हणतो कसा, "दादानं पुढच्या दाराचं सांगितलंय, वहिनी. मागच्याबद्दल आमचं काही बोलणं झालेलं नाही."

वर्कशॉप घराच्या पुढ्यात, परस मागे, आणि घराच्या कडेची बोळ इतकी अरुंद की अंगानं भरलेल्या माणसाला तिरकं होऊन जावं लागे. त्यामुळे पुढचं मागे कळत नव्हतं. धाकट्याची पाळी दुपारी साडेबाराची. तो अकराला यायचा, बाबांच्या मुठीतली बोटं एकेक करून उघडायचा, मिटायचा, मनगट फिरवायचा, तासभर डेपोतल्या गमतीजमती सांगत राहायचा. पुढे वर्कशॉपात लोखंड घासायचा ग्राइंडर किंचाळत असायचा. तो किंचाळतोय तोवर काळजी नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या हाताच्या पायी त्यानं दुसऱ्या गावची बदली, तीही बढतीवरची, तीनदा नाकारली होती.

हात सुधारत गेला. दादा संध्याकाळी बाबांच्या उशाशी बसून तो हात न्याहाळायचे आणि वहिनीला म्हणायचे, "तुझ्या हाताला गुण आहे हं." वहिनी खाली बघायची. आधी ती गप्प बसली भीतीनं, मग सवयीनं, आणि पुढे पुढे, खरं सांगायचं तर, ते कौतुक तिला आवडायला लागलं होतं. गेटाचं तिनं धाकट्याला सांगितलं नव्हतं. होईल तेव्हा बघू, होईल तेव्हा बघू, असं करत नऊ दिवस गेले होते.

"आई, आत्ता सांग," मनी तिच्या कानाशी पुटपुटली. मनी तिची एकोणीस वर्षांची लेक. तिला कुठलीही गोष्ट आत्ताच्या आत्ता व्हायला हवी असायची. "गेट उभं राहायच्या आत सांगून टाक."

"आज नको. आज त्यांचं चित्त नाही ठिकाणावर."

"गेली दोन वर्षं नव्हतं का ठिकाणावर?"

वहिनीनं चहाचा कप तिच्या हातात कोंबला आणि बाहेर पिटाळलं. मग स्वतःही मागोमाग गेली, कारण तिथे नुसतं बघत बसणं तिला जमेना.

दादा ओळंबा सोडून खांबाचा सरळपणा बघत होते. एक डोळा मिटलेला.

"अहो, एवढं सलग कशाला केलंत? थोडी जाळी ठेवली असती तर वारा आला असता."

"वाऱ्याला वरून मोकळं आहे."

"आणि गॅसवाला?"

"गॅसवाला जन्मात कधी मागून आलाय?"

"पप्पा, समजा आग लागली," मनी म्हणाली, "तर मागून पळायला नको?"

"हाक मार. किल्ली माझ्या कमरेला असणार आहे."

"एकच किल्ली?"

"एकच. दोन केल्या की एक हरवते, आणि कुणी हरवली हे कुणीच सांगत नाही." दादांनी डोळा उघडला. "तुम्हा दोघींना आज झालंय काय? चोरानं वकीलपत्र दिलंय का तुम्हाला?"

एवढ्यात अक्का आल्या. अक्का दादांच्या थोरल्या बहीण. हॉस्पिटलात सिस्टर म्हणून तीस वर्षं काढलेली, त्यामुळे कुठेही शिरल्या की इथे बरं कुणाला नाही, हे आधी बघायच्या. त्यांनी दादांकडे पाहिलं, गेटाकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं, आणि वहिनीचा दंड धरून तिला स्वयंपाकघरात नेलं. मनी पाठोपाठ होतीच.

"सांगितलंस?"

"नाही."

"मग मी सांगते. मोठी आहे मी त्याच्यापेक्षा. एक मुस्कटात ठेवून दिली तरी मुकाट ऐकेल."

"तुम्ही सांगाल आणि संध्याकाळी आपल्या घरी जाल, अक्का. राहायचं मला आहे. दोन वर्षं रोज त्यांच्या डोळ्यांत धूळ फेकली मी. काय वाटेल त्यांना?"

"जे वाटायचं ते वाटू दे," मनी म्हणाली. "आत्या, तुम्ही सांगाच."

अक्कांनी वहिनीच्या चेहऱ्याकडे पुन्हा एकदा बघितलं आणि लगेच बाजू बदलली. "गप गं. तुला काय कळतंय? आज लागू दे गेट. उद्या मी येते, गोड बोलून किल्ली काढून घेते, परसात फुलं तोडायला हवी म्हणून. तशीच दुसरी करून आणते गुपचूप."

"म्हणजे आणखी एक खोटं," मनी म्हणाली.

"अगं, दोन वर्षं ढीग घातलाय, त्यात एकानं काय बिघडतं?"

वहिनीला हसू आलं, आणि हसू आल्याचं वाईटही वाटलं. पण बेत पसंत पडला. जे काही आज करायला लागणार नाही ते तिला नेहमीच पसंत पडायचं.

गेट बिजागऱ्यांवर चढवायला दोन माणसं लागतात. एकानं पेलायचं, दुसऱ्यानं खीळ घालायची. दादांनी आधी एकट्यानं करून पाहिलं. खांदा लावला, गुडघा लावला, पहार अडकवली. गेट बिजागरीच्या तोंडाशी यायचं आणि निसटायचं. तिसऱ्यांदा निसटलं तेव्हा त्यांनी सवयीनं मान वळवली आणि उजव्या हाताला बघून म्हणाले, "धर रे." तिथे लिंबाच्या झाडाशिवाय काही नव्हतं. मनी धावली, वहिनी धावली, अक्कांनीही पदर खोचला. चौघांनी मिळून गेट चढवलं.

आता राहिला होता कोयंडा. कुलूप अडकवायचा तो लोखंडी कोयंडा खांबाला टाका मारून पक्का करायचा, की झालं. या घराची एक रीत होती. गेट कुणीही करो, कितीही मोठं असो, त्याचा शेवटचा टाका बाबा मारत. आजोबांपासून चालत आलेलं. बाबांनी टाका मारून वर बघितलं की काम संपलं, मगच चहा.

"बाबांना आणा," दादा म्हणाले. "आज मारतील ते. मी बघतोय ना रोज, धरतात आता बोटं. मी हाताखाली हात धरतो."

बाबांना खुर्चीत बसवून आणलं. चोरीला गेलेल्या खुर्चीच्या जागी कालच आलेली खुर्ची. दोन मोठी चाकं, पाइपची चौकट, वर चादर टाकलेली. दादांनी बाबांच्या डोळ्यांवर काळी काच नीट बसवली, वेल्डिंगचा होल्डर त्यांच्या उजव्या हातात दिला, आणि बाबांची बोटं खरोखरच त्याच्याभोवती मिटली. दादांचा चेहरा फुलला.

"बघितलंस अक्का? हिच्या हाताचा गुण. आणि तुझी खुर्ची. तुझे उपकार झाले बाई, हॉस्पिटलातून एवढ्या लगेच खुर्ची मिळवलीस."

"कुठली खुर्ची?" अक्का म्हणाल्या.

खुर्ची अक्कांनी पाठवली असं वहिनीनं दादांना सांगितलं होतं, पण अक्कांना सांगून ठेवायची विसरली होती. तिनं डोळे मिटून घेतले.

"ही. तूच पाठवलीस ना?"

"मी? हो... म्हणजे मी कुणाला तरी बोलले होते खरी..." अक्कांनी सावरायचा प्रयत्न केला, पण त्यांना गोड बोलता यायचं ते फक्त आधी ठरवून.

दादा खाली वाकले. चादर बाजूला केली. चौकटीच्या जोडावरून अंगठा फिरवला. मग दुसऱ्या जोडावरून, मग तिसऱ्या. लोखंडावरचा टाका हा अक्षरासारखा असतो, लिहिणाऱ्याचा हात लपत नाही. एकाच ताटात वाढलेल्या, एकाच होल्डरवर शिकलेल्या भावाचा हात दादांना ओळखायला किती वेळ लागणार?

"हे हॉस्पिटलचं काम नाही," ते म्हणाले.

तेवढ्यात बाबांनी होल्डर मांडीवर ठेवला. काचेआडून काय दिसत होतं कोण जाणे. जड जिभेनं, पण स्पष्ट म्हणाले, "धाकटा." आणि थोड्या वेळानं, सगळ्यांची समजूत घालावी तसं, "येतो. अकराला."

दादांनी होल्डर उचलून मशीन बंद केलं. मग उकिडवेच बसून राहिले, खुर्चीचं चाक धरून.

"किती दिवस?"

शेवटी मनीच बोलली. "दोन वर्षं, पप्पा."

"रोज?"

"तुमचं वर्कशॉप बंद असतं तो रविवार सोडून."

"अक्का, तुला माहीत होतं?"

"गल्लीतल्या कुत्र्यांना माहीत आहे. आता तीही भुंकत नाहीत त्याच्यावर."

"आणि हा हात?" दादांनी वहिनीकडे पाहिलं.

"तो त्यानं केला," वहिनी म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "मी काही केलेलं नाही. तुम्ही म्हणत होतात, आणि मी ऐकून घेत होते."

आता वीज कडाडणार म्हणून ती वाट बघत राहिली. पण दादा नुसतेच चाकावरून हात फिरवत होते. ते अक्कांना सहन झालं नाही. लहानपणापासून त्यांना भावाचा राग चालायचा, गप्प बसणं चालायचं नाही.

"एक टाका मारायला विसरलं पोर. एक! त्यासाठी सहा वर्षं? बाबांनी कधीच माफ केलं त्याला, तुला नाही जमलं?"

"विसरला नव्हता तो," दादा म्हणाले.

"म्हणजे?"

"ते गेट सगळं त्यानं आखलेलं. त्याचं पहिलंच. बाबांना यायला उशीर झाला. माझ्या मनात आलं, आजचा शेवटचा टाका त्याला मारू दे, खूश होईल. बोललो नाही. होल्डर त्याच्या बाजूला ठेवला आणि चहाला गेलो." दादा थांबले. "त्याला वाटलं, बाबा नाहीत तर मान थोरल्याचा. तो पलीकडे सावलीत माझी वाट बघत बसला. तेवढ्यात बाबा आले, झालं असेल म्हणून गेट सरकवायला गेले."

"हे तुला कधी कळलं?"

"त्याच संध्याकाळी. हॉस्पिटलच्या जिन्यात त्यानं विचारलं मला, 'दादा, टाका तू मारणार होतास ना?'"

"आणि तरी तू..."

"सगळे मला विचारत होते, अक्का. थोरला मी. कसं झालं, कसं झालं म्हणून. तोंडातून निघून गेलं. तो काही बोललाच नाही. बोलला असता तर मी कबूल केलं असतं, असं मला अजून वाटतं." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "मग रोज वाटायचं, उद्या सांगू."

वहिनी पायरीवर बसली. सहा वर्षं ती या माणसाच्या रागाला भीत आली होती. त्यातली दोन वर्षं तर रोज ग्राइंडरच्या आवाजाकडे कान लावून, धाकट्याला चोरासारखं आत घेऊन, चोरासारखं बाहेर सोडून. आणि तिथे राग नव्हताच. लाज होती. कधीतरी एकदा, नुसतं एकदा, तिनं म्हटलं असतं की तो येतो हं, तर हे सगळं त्याच दिवशी सुटलं असतं. तिला रडू आलं आणि तिनं ते कुणापासून लपवलं नाही.

"लाव फोन त्याला," अक्का म्हणाल्या.

"नको." दादा उठले. "फोनवर काय सांगू? आणि मी आहे म्हटल्यावर तो यायचा नाही. उद्या येईल ना अकराला? येऊ दे रोजच्यासारखा. मी इथेच असेन. मी उघडतो."

"पप्पा, त्याला गेटाचं माहीतसुद्धा नाही. निदान एक मेसेज..."

"मी उघडतो म्हटलं ना!" मग आवाज उतरवून म्हणाले, "कोयंड्याचा टाका ठेवतो त्याच्यासाठी. कुलूप लागत नाही तोवर. नुसती आतून कडी आहे, सरकवली की उघडतं."

मनीनं आईकडे पाहिलं. वहिनीच्या मनात आलं होतं, फोन करावा. आत जाऊन, नळ सोडून, हळूच. पण आजवर सगळं हळूचच केलं आणि त्याचं हे असं झालं. आता नवऱ्यानं स्वतःच्या तोंडानं काही ठरवलंय, त्यात आपण लुडबुड करू नये. तिनं लेकीला मानेनंच नको म्हटलं.

सोमवारी दादांनी वर्कशॉप उघडलंच नाही. दाढी केली. धुतलेला शर्ट घातला. दहापासून परसात येरझारा घालत होते. लिंबाखालची पानं गोळा केली, नळीला पीळ पडला होता तो काढला. पावणेअकराला गेटाशी जाऊन उभे राहिले.

वहिनी गच्चीवर कपडे वाळत घालत होती. तिथून गेटाच्या दोन्ही बाजू दिसत होत्या. अकराला दोन मिनिटं कमी असताना गल्लीच्या वळणावर धाकटा दिसला. खाकी शर्ट, हातात डबा. नेहमीच्या चालीनं आला, आणि फटीच्या जागी गेट दिसताच थबकला.

दोघांच्या मध्ये पत्रा होता, बोटाच्या पेराइतकासुद्धा जाड नसेल. या बाजूला दादांचा हात कडीवर. त्या बाजूला धाकटा. त्यानं गेट वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग डबा काखेत धरून चॅनेलच्या जोडावरून अंगठा फिरवला. कुणी केलंय ते त्याला कळलं, हे वहिनीला वरून कळलं. त्यानं मान कलती करून कान दिला. पुढे वर्कशॉपात ग्राइंडर चालू नव्हता.

उघडा ना, वहिनी मनात म्हणत होती. अहो, उघडा. दादांचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. बहुतेक पहिलं वाक्य ठरत नव्हतं. तिनं हाक मारायला तोंड उघडलं. आणि मिटलं. आता उघडतीलच, एवढ्यात आपण मध्ये ओरडलो तर सगळा विचका व्हायचा. हातातल्या ओल्या चादरीचं पाणी तिच्या पायावर गळत राहिलं.

धाकट्यानं तळहात पत्र्यावर टेकवला. ढकललं नाही, ठोठावलं नाही. दोन श्वास तसाच उभा राहिला आणि वळला.

"अहो!" ती ओरडली तेव्हा तो वळणावर पोचला होता.

दादांनी वर बघितलं. "आला का?"

"येऊन गेला! उघडा!"

"अगं, पावलं ऐकली मी. मला वाटलं, वाजवेल." त्यांनी कडी काढली, गेट धाडकन खांबावर आदळलं, आणि वय विसरून ते गल्लीतून धावत सुटले. वहिनी जिना उतरून खाली येईपर्यंत ते परत येत होते, सावकाश. हाताची घडी घातलेली. त्यांच्या धुतलेल्या शर्टाला नव्या गेटाचा रंग लागला होता.

दिवसभर वहिनीनं फोन लावला. वाजून वाजून बंद व्हायचा. बाबांनी अकरानंतर तीनदा विचारलं, मग विचारायचे थांबले. साडेसहाला त्याचाच फोन आला.

"वहिनी, कामात होतो. गेट बरं केलंत, चोर आला की पुन्हा येतो. दादाचं काम आहे, हात लावताच कळलं. छान झालंय." तो नेहमीसारखाच बोलत होता, जरा जास्तच नेहमीसारखा. "बाबांची बोटं आता तुम्हालाच करावी लागतील. अंगठ्यापासून सुरुवात करायची. करंगळी शेवटी. घाई नाही करायची."

"अरे, ऐक आधी..."

दादांनी हात पुढे केला. तिनं फोन दिला.

"मी बोलतोय," दादा म्हणाले.

पलीकडे नुसता डेपोचा गलका. मग, "बोल, दादा."

"गेटाला कुलूप नव्हतं रे. नुसती कडी होती. मी आत उभा होतो."

"मला वाटलं, तुला कळलं आणि म्हणून केलंस."

"नाही. खुर्ची गेली म्हणून केलं." दादांनी घसा साफ केला. "तू काही विसरला नव्हतास. मी सगळ्यांना सांगितलंय काल. अक्काला, हिला. सगळ्यांना."

पलीकडे एक बस हॉर्न देत गेली.

"ऐकतोयस ना? कोयंड्याचा टाका ठेवलाय तुझ्यासाठी. उद्या ये. पुढच्या दारातून ये."

"दादा, मी दुपारी सही करून आलो."

"कसली सही?"

"बदलीची. साहेबांनी चौथ्यांदा विचारलं होतं, आज हो म्हणालो. परवा तिकडे हजर व्हायचंय. उद्या पहाटेची गाडी आहे."

"रद्द कर. मी येतो तुझ्या साहेबांकडे, मी सांगतो त्यांना."

"माझ्या जागी माणूस घेतला त्यांनी. नाही होत आता." त्याचा आवाज पहिल्यांदाच हलला. "तो टाका तूच मार. उघडं नको ठेवू गेट. बाबा मागच्या खोलीत एकटे असतात."

फोन कुणी आधी ठेवला ते वहिनीला कळलं नाही. दादांनी तो टेबलावर पालथा ठेवला, हात धुतले, पुसले, आणि बाबांच्या खोलीत गेले. पलंगाच्या कडेवर बसून त्यांनी बाबांचा उजवा हात मांडीवर घेतला आणि बोटं उघडायला लागले. करंगळीपासून. बाबांच्या कपाळावर आठी पडली.

"अंगठ्यापासून," वहिनी दारातून म्हणाली.

दादांनी मान हलवली. हात पुन्हा मिटू दिला आणि अंगठ्यापासून सुरुवात केली. बाबांनी करू दिलं. पण ते दादांकडे बघत नव्हते. वहिनीच्या खांद्यावरून मागच्या दाराकडे बघत होते.